पंचांची यादी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या खडकवासल्याहून सिंहगड दिसतो. त्या गडावर लोकमान्य टिळकांचा बंगला आहे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. १९०८ साली मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्यात निकाल देणारे नऊ पंच, म्हणजे ज्यूरी, कसे निवडले गेले याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

त्या वेळी पंचांची नावे यादीतून चिठ्ठ्या टाकून काढीत. नाव पुकारले की हरकत घेता येई. पंच पक्षकाराचा नातलग आहे, त्याचे मन आधीच कलले आहे, साक्षीची भाषा त्याला कळत नाही, अशी कारणे चालत. हायकोर्टात तर कारण न सांगताही दोन्ही बाजूंना आठ-आठ नावे नाकारता येत. अमेरिकेत आजही पंचांना प्रश्न विचारून पारखतात.

ही चाळणी चांगलीच. पण चाळणीत मुळात ओतले काय, हे कोण पाहणार? सरकारने खास ज्यूरी मागितली. त्या यादीत युरोपियनांचाच भरणा. लेख मराठी आहेत, तेव्हा मराठी जाणणारे पंच हवेत, असे बचावपक्षाने सांगून पाहिले. न्यायमूर्ती दावर यांनी खास ज्यूरीच मान्य केली. सात युरोपियन आणि दोन पारशी पंच बसले. ‘केसरी’च्या लेखांचा अर्थ भाषांतरावरून ठरला! लोकमान्य एकवीस तासांवर बोलले, तरी २२ जुलैला सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेस गेले.

आणखी एक गोष्ट. १८९८ च्या फौजदारी कायद्याप्रमाणे पंच होण्याचा मान एकवीस ते साठ वर्षांच्या पुरुषांनाच होता. स्त्री आरोपी होऊ शके, साक्षीदार होऊ शके. पंच मात्र नाही. तिचे नाव नाकारण्याचीही वेळ येत नसे, कारण ते यादीतच नसे.

१९७३ च्या नव्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही. पण पंच नेमणे संपलेले नाही. घरातला तंटा, वाटणी, सुनेची तक्रार, यांसाठी आजही चार माणसे बसतात. भगिनींनो, ती बसण्यापूर्वीच विचारा: ही नावे कोणी काढली? जिचा प्रश्न आहे तिची भाषा यांना कळते का? आणि यांत बाई आहे का? निकालानंतर हळहळण्यापेक्षा यादी होताना बोललेले बरे.