पेडलवर पाय कुणाचा?

(महिला कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या मोटार-प्रशिक्षण शिबिराच्या पहिल्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

उद्या सकाळी आपण मैदानावर गाडी हातात घेणार आहोत. आज फक्त बोलायचे आहे. नावनोंदणीच्या कागदावर तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी लिहिले आहे, 'लायसन्स आहे, पण गाडी चालवता येत नाही.' असे का होते, तिथूनच सुरुवात करू.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतात. धोका टाळण्यासाठी नियमानेच हा दुहेरी ताबा ठेवलेला आहे आणि तो हवाच. पण गर्दीत गाडी बंद पडू नये, मागच्यांनी हॉर्न वाजवू नयेत म्हणून शिकवणारे दादा स्वतःच क्लच दाबतात आणि स्वतःच सोडतात. बाई फक्त स्टिअरिंग फिरवते. तिला वाटते, आपण चालवतो आहोत. परीक्षा होते, लायसन्स मिळते. मग घरच्या गाडीत दुसऱ्या कुणाचे पेडल नसते. गाडी हिसका देऊन बंद पडते. शेजारून आवाज येतो, "सरक, हे बायकांचे काम नाही." चावी पुन्हा त्याच्या खिशात जाते.

सौदी अरेबियात ६ नोव्हेंबर १९९० रोजी ४७ जणींनी रियाधच्या रस्त्यांवर गाड्या चालवल्या. त्यांना अटक झाली, पासपोर्ट काढून घेतले गेले. तिथली बंदी उठायला २४ जून २०१८ उजाडले. आपल्याकडे असली बंदी नाही. आपल्याकडे शिकवताना हात राखला जातो, आणि मग न येण्याचे खापर बाईच्या बाईपणावर फोडले जाते. म्हणून आधी यंत्र समजून घेऊ.

उभ्या गाडीतही चालू इंजिन मिनिटाला साधारण सात-आठशे फेरे घेत असते. चाके मात्र थांबलेली असतात. फिरणाऱ्या इंजिनाची आणि थांबलेल्या चाकांची गाठ घालून देतो तो क्लच. इंजिनाला एक जड फिरती चकती असते, फ्लायव्हील. तिच्यावर दाबली जाणारी क्लचप्लेट गिअरबॉक्समार्फत चाकांशी जोडलेली असते. पेडल दाबले की दोन्ही सुट्या होतात, सोडले की घट्ट बसतात. पेडल एकदम सोडले तर थांबलेल्या चाकांचा सगळा भार इंजिनावर क्षणात पडतो, म्हणून हिसका बसतो. हळू सोडले तर दोघी घासत घासत एका वेगाला येतात. यात ताकदीचे काम काहीच नाही. वेळ द्यायचा आहे, इतकेच.

उद्याचा पहिला धडा हाच. सपाट जागा, पहिला गिअर, रेस अजिबात द्यायची नाही. क्लच हळूहळू वर येऊ द्या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी किंचित थरथरते. पाय तिथेच धरा. गाडी आपोआप सरकू लागेल. थांबा, पुन्हा करा. वीस वेळा करा. ती जागा पायाला कळली की निम्मे काम झाले.

गिअर वर टाकताना क्लच पूर्ण दाबा, रेसवरचा पाय पूर्ण काढा, दांडा जोर न लावता सरकवा. मग क्लच सोडताना त्या जागी क्षणभर थांबा आणि नंतरच रेस द्या. पहिला गिअर गाडी हलवण्यापुरता. पंधराच्या आसपास दुसरा, तिशीच्या आसपास तिसरा. पण काट्यापेक्षा कानावर विश्वास ठेवा. इंजिन ओरडू लागले तर वरचा गिअर मागते, धडधडू लागले तर खालचा. खालचा टाकण्याआधी ब्रेकने वेग कमी करा. थांबताना आधी ब्रेक, क्लच अगदी शेवटी. आणि चालताना क्लचवर पाय टेकवून ठेवू नका. प्लेट झिजते, जळका वास येतो आणि खर्च अंगावर पडतो.

चढावर गाडी मागे जाईल ही भीती सगळ्यांनाच असते. हँडब्रेक ओढा, थोडी रेस द्या, क्लच त्या जागेपर्यंत आणा. गाडीचा जोर जाणवला की हँडब्रेक सोडा. घाट उतरताना साधारणपणे चढायला लागला असता तोच गिअर ठेवा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणे जिवावर बेतते, कारण इंजिनाची पकड सुटते आणि सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

आता कुणी म्हणेल, "ऑटोमॅटिक घ्या, बायकांना तीच बरी." सोयीला आपला विरोध नाही. पण रात्री अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला जी जीप मिळते, बचत गटाचा माल बाजारात नेणारा जो टेम्पो असतो, त्यांना बहुधा गिअरच असतात. शिवाय हा पोटापाण्याचाही प्रश्न आहे. हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहनही वेगळ्या परवानगीशिवाय चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे तुमच्या पर्समधले कार्ड हा रोजगाराचा कागद आहे.

तेव्हा गावी परतल्यावर तीन गोष्टी करा. जी मैत्रीण शिकायला जाईल तिला सांगा, १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार किमान १० तास प्रत्यक्ष गाडी चालवायला मिळणे हा तिचा हक्क आहे. ते तास वहीत मांडायचे. तिने पहिल्याच दिवशी शांतपणे म्हणायचे, "दादा, धोका नसेल तेव्हा पेडलवरून पाय काढा. गाडी बंद पडली तर मी पुन्हा सुरू करीन." आणि ज्या गटात एकीला येते, तिने रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात निदान दोघींबरोबर बसायचे. पाय मात्र शिकणारीचाच राहू द्यायचा.

उद्या सहाला मैदानावर भेटू. चपला पायातून निसटणार नाहीत अशा घाला, आणि ओढणी-पदर नीट खोचून या.