कुणबीण, कायदा आणि ‘गुलामगिरी’

कृष्णपुऱ्यातल्या समाधी-छत्र्या इंदूरकरांना नव्याने सांगायला नकोत. त्यांतली एक दुसऱ्या तुकोजीराव होळकरांची. ते १८४४ साली इंदूर संस्थानच्या गादीवर आले. त्याच्या आदल्याच वर्षी कंपनी सरकारने कायदा करून गुलामावरचा मालकी हक्क कोर्टात मानणं बंद केलं. हा कायदा कंपनीच्या मुलखापुरता. इंदूरसारख्या संस्थानांना तो लागू नव्हता.

गुलाम म्हटलं की आपल्याला अमेरिकेतले कापसाचे मळे आठवतात. पण पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम स्त्रियांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. दळण, शेणगोठा, पाणी भरणं ही त्यांची कामं. वाड्यांच्या वैभवाचं वर्णन करताना आपले बखरकार त्यांच्यापाशी थांबत नाहीत, हे मला खटकतं.

इकडे पेशवाई चालू असतानाच, युरोपात डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने १७९२ सालीच गुलामांच्या व्यापारावर बंदीचा हुकूम काढला. अंमल मात्र १८०३ पासून. डेन्मार्कच्या कॅरिबियन बेटांवरचे गुलाम सुटायला १८४८ उजाडलं! व्यापार थांबला तरी मालकी चालूच होती.

अमेरिकेत १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामी संपली. आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ आलं. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातून पुढे सरकणारं हे मराठी पुस्तक. अर्पणपत्रिका मात्र इंग्रजीत. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलेलं आहे. त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी गिरवावा, अशी इच्छाही जोतीरावांनी तिथेच नोंदवली.