पाण्यावरचा पहारा

पहाऱ्यावरच्या जवानाशी गप्पा मारायच्या नाहीत, हे मी सैन्यात कित्येक नव्या पोरांना शिकवलं. निवृत्तीनंतर एका वॉटर पार्कमध्ये मीच ती चूक केली.

नातवाला लाटांच्या तलावात सोडलं आणि काठावरच्या लाइफगार्डला विचारलं, "गाव कुठलं, बाळा?" त्यानं मानही वळवली नाही. "साहेब, नंतर बोलतो." मला राग आला. तेवढ्यात त्यानं शिट्टी फुंकून उडी मारली आणि सात-आठ वर्षांची एक मुलगी वर काढली. तिची आई चार पावलांवर उभी होती. तिला काही ऐकूच आलं नव्हतं. आणि माझा नातू कुठे आहे, हे त्या क्षणी मलाही सांगता आलं नसतं.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड जेमतेम पाण्याबाहेर येतं, तेवढ्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची? म्हणून या कामात अनेक ठिकाणी एक नियम पाळतात : 10 सेकंदांत आपला सगळा भाग नजरेखालून घालायचा, आणि कुणी अडचणीत दिसलं की पुढच्या 20 सेकंदांत तिथे पोहोचायचं. उन्हात, गोंगाटात, शेकडो डोक्यांवर अशी नजर फार वेळ टिकत नाही. म्हणून त्यांना ठरावीक वेळानं बदली द्यावीच लागते. पोहणं येतंच, काही घडत नसताना बघत राहणं अवघड.

पाळी संपल्यावर तो आपणहून आला. "साहेब, गाव विचारत होता ना?"

मंडळी, त्याला कामावर बोलवू नका. आणि आपलं मूल हाताच्या अंतरावर ठेवा. पहारेकरी आहे म्हणून आपण झोपायचं नसतं.

जय हिंद.