गवत कापण्याचे यंत्र आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला शिवण, स्वयंपाक, बाळाचे संगोपन असे विषय असतात. मी 'गवत कापण्याचे पेट्रोलचे यंत्र' हा विषय सांगितला तेव्हा काहीजणी हसल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण आमच्या काजूच्या बागेत हे यंत्र चालते आणि त्याची तयारी मीच करून देते, म्हणून चार शब्द बोलते.

पूर्वी पाऊस ओसरला की बेणणीला आठ-दहा माणसे कोयत्या घेऊन येत. आता माणसे मिळत नाहीत. एकटा गडी खांद्याला पट्टा अडकवून दिवसात बरीच बाग मोकळी करतो. यंत्र पुरुष चालवतो हे खरे. पण मागे गवत गोळा करणारी कोण? चहा घेऊन जाणारी कोण? पोर धावत जाते ते कोणाचे? म्हणून हा विषय आपला आहे.

आमच्या वाडीत मागे असेच झाले. गवत ओढायला जवळच बसलेल्या एका बाईच्या नडगीला पात्याने उडवलेला चिऱ्याचा तुकडा लागला. हाड वाचले, पण तीन आठवडे तिची मजुरी बुडाली. चालत्या यंत्रापासून सर्वांनी १५ मीटर, म्हणजे ५० फूट दूर राहावे. आपल्या पावलांनी पंचवीस पावले समजा. चहा द्यायचा तर मागून जाऊन खांद्याला हात लावू नका. गड्याला यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नाही. तो दचकून वळला की पातेही वळते. समोरून, लांबून हात दाखवा, यंत्र बंद झाले की मगच जवळ जा.

आता तयारी. टू स्ट्रोक यंत्राला नुसते पेट्रोल चालत नाही, त्यात टू-टी ऑइल मिसळावे लागते. पुस्तिकेत १:५० असेल तर १ लिटरला २० मिलि, १:२५ असेल तर ४० मिलि. माप अंदाजाने घेऊ नये. औषधाचे मापाचे झाकण त्यासाठी वेगळे ठेवावे. फोर स्ट्रोक यंत्राचे ऑइल निराळे भरतात, त्याच्या पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते ओल धरते. म्हणून लागेल तेवढेच मिश्रण करावे, महिनोन्महिने साठवू नये. मिश्रण सरबताच्या बाटलीत तर कधीच ठेवू नये. तहानलेले मूल बाटली पाहते, आत काय आहे ते पाहत नाही. चुलीजवळ किंवा विडी ओढत पेट्रोल ओतू नये. तापलेल्या यंत्रात भरू नये. थंड होऊ द्यावे, सांडलेले पुसावे आणि भरल्या जागेपासून दहा पावले दूर नेऊन सुरू करावे.

सुरू करण्याआधी पात्याचा नट घट्ट आहे का, पात्याला चीर नाही ना, आणि पात्यावरचे संरक्षक झाकण जागेवर आहे का, हे पाहावे. अडचण होते म्हणून ते झाकण काढून टाकणारे गडी मी पाहिले आहेत. त्यांना काम देऊ नये. बहुतेक यंत्रांत हा नट उलट्या आट्यांचा असतो, नेहमीच्या दिशेने फिरवून सुटत नाही. बागेतून आधी एक फेरी मारून दगड, तारा, बाटल्या उचलाव्यात. गडग्याजवळ लोखंडी पाते न लावता नायलॉनची दोरी लावावी. वरून पाहता पाते डावीकडे फिरते, म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जावे. पात्याचा पुढचा उजवा भाग खुंटाला लागला तर यंत्र झटक्याने मागे उसळते. गवत गुंतले की यंत्र बंद करून, प्लगची टोपी काढून, मगच हात घालावा. हात सोडल्यावरही पाते काही वेळ फिरत राहते.

पोशाखाचे सांगते. डोळ्यांना चष्मा, कानात बोळे, पायांत गमबूट, अंगात पूर्ण विजार. आपल्यापैकी कोणी यंत्र चालवायला शिकत असेल तर आनंदच आहे. पण पदर आणि ओढणी घरी ठेवून.

आता मुद्द्याचे. रोजंदारीच्या गड्याने चष्मा आणि गमबूट स्वतः आणावेत, असे आपण म्हणतो; मालकाने द्यावेत, असे तो म्हणतो. ह्या वादात डोळा त्याचा जातो आणि घर त्याच्या बायकोचे बसते. ती बायको ह्याच मंडळात आपल्या शेजारी बसलेली असते. म्हणून माझी सूचना आहे की, मंडळाने वर्गणीतून असे दोन संच घ्यावेत, आणि ज्या घरी बेणणी असेल त्या घरी ते आधल्या दिवशी पोहोचवावेत. संच घातल्याशिवाय आपल्या बागेत यंत्र सुरू होणार नाही, एवढे प्रत्येकीने ठरवावे.