झाडाची अब्रू

आज आपण एका बागेबद्दल बोलणार आहोत. आपल्या नाशिक जिल्ह्यात बाग म्हटलं की ती द्राक्षाचीच. निफाड-दिंडोरीकडे "सूनबाई बागेत गेलीय" असं कुणी म्हणालं, तर कसली बाग हे विचारावं लागत नाही. खरड छाटणी, ऑक्टोबर छाटणी, विरळणी, डिपिंग, या सगळ्यात बायांचे हात असतात. पण आजची बाग ती नव्हे. बायबलमधली एदेनची बाग, जिथे आदाम आणि हव्वा राहत होते, तिची ही गोष्ट.

हा विषय आमच्याकडे आला तोही द्राक्षांमधूनच. गेल्या हंगामात रेकॉर्डिंगसाठी आम्ही एका पॅकिंगच्या शेडमध्ये गेलो होतो. चहाच्या सुट्टीत एक ताई सांगत होत्या की नातवानं कुठल्याशा नाटकात काम केलं. त्यात हव्वा सफरचंद खाते आणि देव दोघांना बागेतून हाकलून देतो. शेजारच्या मावशी कात्री पुसत म्हणाल्या, "म्हणजे तिथंबी बाईच का?" सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. पण परत येताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. शोधून सांगू, असं आम्ही त्यांना कबूल केलं होतं. मग वाचत गेलो, विचारत गेलो. जे सापडलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, मूळ गोष्टीत सफरचंद नाहीच. उत्पत्ती या पुस्तकात नुसतं 'फळ' म्हटलंय. सफरचंद आलं युरोपातून. लॅटिन भाषेत सफरचंद आणि वाईट या दोन शब्दांचा उच्चार जवळजवळ एकच, म्हणून हे फळ चिकटलं असं बरेच जण सांगतात. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही. पण चित्रकारांनी सफरचंद रंगवलं, ती चित्रं छापली गेली, आणि तेच फळ आपल्या नाटकांपर्यंत पोचलं.

मग ते फळ होतं तरी कुठलं? याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ही गोष्ट ज्या ज्यू लोकांची, त्यातलेच काही शेकडो वर्षांपासून मराठी बोलतात. कोकणातले बेने इस्राएल. अलिबाग, पेण, रेवदंडा या भागात ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे बरीच कुटुंबं मुंबई-ठाण्याला गेली आणि 1948 नंतर बहुतेक जण इस्राएलला. तिथेही जुन्या बायका मराठी बोलतात, आणि मलिदा करतात.

मलिदा म्हणजे लग्न ठरलं, बाळ झालं, नवस फिटला की एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया प्रेषित, यांच्या नावानं करायचा विधी. ताटात भिजवलेले पोहे, त्यात खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा; वर फळं, गुलाब, सब्जाची डहाळी. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाच्या रथाची खूण उमटली असं ते मानतात. सगळी सामग्री आपल्या ओळखीची, फक्त प्रार्थना हिब्रूत.

या ताटात एक बारीक गंमत आहे. झाडाच्या फळासाठी आशीर्वचन वेगळं आणि जमिनीच्या पिकासाठी वेगळं. खजूर झाडाचं फळ. पण केळं? केळं जमिनीचं! कारण घड उतरवला की केळीचा तो खुंट संपतो, नवं पिल्लू खालून येतं. खान्देशातल्या कुठल्याही शेतकरणीला हे सांगावं लागणार नाही, पण धर्मशास्त्रानं ते ध्यानात घेतलंय याचं आम्हाला कौतुक वाटलं.

आता बघा, ज्यूंच्या तल्मूद नावाच्या मोठ्या ग्रंथात, जो साधारण इसवी सन 500च्या आसपास तयार झाला, तिथे नेमकी हीच चर्चा चालली आहे. कुठल्या फळावर कुठलं आशीर्वचन म्हणायचं, झाड कशाला म्हणायचं. आणि त्याच पानावर प्रश्न निघतो, आदामानं खाल्लं ते झाड कुठलं?

तिघा गुरूंची तीन उत्तरं आहेत. रब्बी मेईर म्हणाले, द्राक्षवेल. माणसाच्या घरात रडणं आणते ती दारूच. (हे ऐकून शेडमधल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. इथे काय ते सांगायची गरज नाही.) रब्बी नहेम्या म्हणाले, अंजीर. कारण नंतर दोघांनी अंग झाकायला अंजिराचीच पानं घेतली. ज्यानं बिघडवलं त्यानंच सावरलं. रब्बी यहूदा म्हणाले, गहू. गहू कुठं झाड असतं का, असं आम्हालाही वाटलं. पण त्यांचं कारण ऐका. धान्य तोंडात गेल्याशिवाय लेकरू आई-बाबा म्हणायला शिकत नाही. म्हणजे ज्ञानाचं झाड ते हेच. आपण बाळाचं उष्टावण करतो, त्याच्या पुढेमागेच ते बोबडं बोलायला लागतं. हे निरीक्षण कुठल्यातरी घरातल्या आईचंच असणार, रब्बींनी नुसतं लिहून घेतलं, असा आमचा संशय आहे.

दुसऱ्या एका जुन्या ग्रंथात चौथं नाव येतं, म्हाळुंग. ज्याचं लाकूडसुद्धा फळासारखं खाता येतं असं झाड कुठलं, तर हे, असं तिथं म्हटलंय. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते म्हाळुंगच. ज्यूंच्या मांडवांच्या सणातही ते हातात धरतात.

त्याच ग्रंथात पुढे जे आहे, त्यासाठी खरं तर आजचं हे भाषण. तिथे एक गुरू म्हणतात की ते झाड कुठलं हे देवानं कुणाला सांगितलंच नाही आणि सांगणारही नाही. का? तर लोक त्या झाडाकडे बोट दाखवून म्हणतील, याच्यामुळे जगात मरण आलं. झाडाची अब्रू जाऊ नये म्हणून नाव झाकलं.

आम्ही हे वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं. झाडाची एवढी काळजी. आणि हव्वेची?

खरं सांगायचं तर, त्याच ग्रंथात हव्वेबद्दल कडू लिहिलंय. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा बायकांनीच का लावायचा, तर पहिल्या बाईनं आदामाचा प्राण विझवला म्हणून, असं एक कारण तिथे दिलंय. मासिक पाळीचे नियम, कणकेचा गोळा बाजूला काढणं, यांनाही तशीच कारणं जोडलीत. हे लपवण्यात अर्थ नाही. दिवा लावणाऱ्या सगळ्या बायकांच्या मनात ते कारण असतं का, हा प्रश्न वेगळा. आपणही कितीतरी गोष्टी करतो, पोथीत त्यांचं कारण काय लिहिलंय हे न बघता.

पण दुसरी बाजूही त्यांच्याकडेच आहे. मूळ गोष्ट नीट वाचली तर देव हुकूम देतो तो आदामाला. हव्वा तेव्हा जन्मालाही आलेली नाही. तिला कळलं ते नवऱ्याकडून. देव म्हणाला होता, खाऊ नको. हव्वा सापाला सांगते, खाऊही नको आणि हातही लावू नको असं सांगितलंय. हे हात लावण्याचं कुठून आलं? एक जुना ग्रंथ म्हणतो, आदामानं वाढवून सांगितलं, खबरदारी म्हणून. मग सापानं काय केलं, झाड हलवून दाखवलं. बघ, हात लावला, मेलो का? तिथे तिचा विश्वास डळमळला. आपण घराघरांत पाहतो की नाही, निरोप सांगताना माणूस पदरचं घालतो आणि पुढचं सगळं ऐकणारीवर शेकतं! शिवाय ती फळ देते तेव्हा नवरा तिच्यासोबतच आहे असं उत्पत्तीत स्पष्ट लिहिलंय. तो एका शब्दानं हरकत घेत नाही. देवानं विचारल्यावर मात्र म्हणतो, तू दिलेल्या बाईनं दिलं.

आणि फासळीचं काय? हव्वा आदामाच्या फासळीतून झाली हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण हिब्रूतल्या त्या शब्दाचा अर्थ 'बाजू' असाही होतो. मंदिराच्या तंबूच्या बाजूलाही तोच शब्द वापरलाय. म्हणून एका गुरूंचं म्हणणं असं की पहिला माणूस दोन तोंडांचा होता, पुढून पुरुष आणि मागून बाई, आणि देवानं मधून चिरून दोघांना वेगळं केलं. अर्धनारीनटेश्वर आपल्याला माहीत आहे, त्यामुळे आम्हाला हे फार परकं वाटलं नाही. गोष्टी वेगळ्या, संदर्भ वेगळे, तरी.

फासळीची आणखी जुनी गोष्ट इराकमधल्या मातीच्या पाट्यांवर सापडली. सुमेर नावाच्या संस्कृतीची, बायबलच्या कितीतरी आधीची. त्यात दिल्मुन नावाचा पवित्र प्रदेश आहे. बहुतेक अभ्यासक तो आजचा बहारीन मानतात. तिथे सिंह कुणाला मारत नाही, आजार नाही, कुणी म्हातारी मी म्हातारी झाले म्हणत नाही. फक्त गोडं पाणी नाही. मग एन्की देव पाणी आणतो आणि तिथे हिरवळ होते. निन्हुर्सग ही माता देवी. तिच्यामुळे उगवलेल्या आठ वनस्पती एन्की एकेक करून खाऊन टाकतो. ती संतापून शाप देते आणि निघून जाते. एन्कीच्या शरीराचे आठ अवयव दुखू लागतात, तो मरायला टेकतो. शेवटी एक कोल्हा तिला शोधून परत आणतो. ती त्याला जवळ घेऊन विचारते, भाऊ, काय दुखतंय? आणि प्रत्येक दुखण्यासाठी एकेक देवता जन्माला घालते. फासळी दुखते तेव्हा जन्मते निन्ती. सुमेरी भाषेत 'ती' म्हणजे फासळी आणि 'ती' म्हणजेच जीवन. हव्वा या नावाचा अर्थही जीवनाशीच जोडलेला. सॅम्युएल नोआ क्रेमर या विद्वानांनी या पाटीचा अनुवाद 1945 साली प्रसिद्ध केला, आणि हव्वेच्या फासळीचं मूळ या शब्दाच्या खेळात असावं असं सुचवलं. सगळ्यांनी ते मान्य केलंय असं नाही. पण एवढं तर दिसतं की त्या जुन्या बागेत नको ते खाणारा पुरुष होता, आणि बरं करणारी बाई.

या बागेच्या नावाबद्दल एक छोटी गोष्ट. पॅराडाइज हा शब्द जुन्या इराणी भाषेतला. अर्थ, भोवती भिंत घातलेली जागा. तो हिब्रूत गेला, त्याचं 'पर्देस' झालं. आपल्या परदेशाशी त्याचा काही संबंध नाही, पण त्या इराणी शब्दाचे दोन तुकडे आपल्या 'परि' आणि 'देह' या शब्दांचे सख्खे भाऊ आहेत. अरबीत तोच फिरदौस. आणि एदेनमधून चार नद्या निघतात, पीशोन, गीहोन, हिद्दकेल, फरात. शेवटच्या दोन इराकमधल्या तैग्रिस आणि युफ्रेटिस. पण पीशोन कुठली? योसेफस नावाचा ज्यू इतिहासकार पहिल्या शतकात म्हणाला, ती गंगा. आता आम्ही नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो, गंगेवर जाऊन येते म्हणतो, तेव्हा योसेफसच्या हिशोबात आमचाही थोडा वाटा लागतो, असं आमच्यातली एकजण हट्टानं म्हणते. ते काही खरं नाही.

ही गोष्ट हिब्रूतून थेट मराठीत आणणारी एक बाई होती, हे मात्र खरं आहे. पंडिता रमाबाई. जन्म 1858, तोही जंगलातल्या आश्रमात. तरुणपणी गावोगाव पुराण सांगत फिरलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि केडगावच्या मुक्तिसदनात सबंध बायबल मूळ भाषांतून मराठीत करायला बसली. साध्या, कमी शिकलेल्या बायांना वाचता यावं म्हणून. खिळे जुळवायला, छापायला सदनातल्याच बायका आणि मुली. 1922 साली रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल छापून निघालं 1924 साली. छापखान्यात हव्वेच्या गोष्टीचं पान ज्या मुलीनं जुळवलं असेल, तिला घरातून कोणी काय काय म्हणून बाहेर काढलं असेल, याचा आम्ही बराच वेळ विचार करत होतो.

कबूल केल्याप्रमाणे आम्ही पुन्हा त्या शेडवर गेलो. हंगाम संपत आला होता, क्रेट रिकामे पडले होते. सगळं सांगितलं, तीन फळांचंही. ताई म्हणाल्या, अंजीरच असणार. कुणी द्राक्ष म्हणालं, त्यावर हशा झाला. कात्रीवाल्या मावशी ऐकत होत्या. म्हणाल्या, "गहू. पोराला पहिला घास कोण भरवतं? आईच ना." मग उठल्या आणि उरलेल्या मण्यांची टोपली उचलून बाहेर गेल्या.