वेताळाचा प्रश्न आणि मोठ्यांची परीकथा

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



परीकथा ही बाळगोपाळांची मिरास, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. इतिहास निराळे सांगतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, तो सूर्यवती राणीच्या मनोरंजनासाठी. त्यातील वेताळाच्या कथा ऐकणारा राजा त्रिविक्रमसेन, म्हणजेच लोकांच्या तोंडी रुळलेला विक्रम, हा खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला प्रौढ पुरुष आहे. जर्मनीतही तोच प्रकार. ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली स्त्री तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. मुलांसाठीचे म्हणून जे सोज्ज्वळ रूप आपल्या हाती आले, तेच मुळी मागाहून केलेले पुनर्कथन आहे. तेव्हा परीकथा मोठ्यांसाठी नव्याने लिहिणारे लेखक तिला बिघडवतात, हा आक्षेप फारसा टिकत नाही.

वेताळाच्या पंचवीस कथांतील सहावी कथा पाहावी. धवल नावाचा धोब्याचा मुलगा मदनसुंदरीशी विवाह करतो. पुढे तो, ती आणि तिचा भाऊ असे तिघे प्रवासाला निघाले असता वाटेत देवीचे देऊळ लागते. दर्शनाला आत गेलेला धवल भक्तीच्या आवेगात स्वतःचे मस्तक देवीला वाहतो. त्याला शोधायला गेलेला मेहुणाही तेच करतो. मागाहून आलेली मदनसुंदरी गळफास घेऊ लागते, तेव्हा देवी तिला थांबवते आणि मस्तके धडांना जोडायला सांगते. घाईत अदलाबदल होते. पतीचे मस्तक भावाच्या धडावर, भावाचे पतीच्या धडावर. आता तिचा पती कोणता? राजा उत्तरतो, ज्याला पतीचे मस्तक तो पती, कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. राजाचे मौन सुटते आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकतो.

‘चांदोबा’च्या पानांवर तलवारधारी विक्रम पाहत वाढलेल्या पिढीला असली उत्तरे पटत असत. दहाव्या वर्षी ‘मस्तक’ हे उत्तर सोपेही वाटते. पन्नाशीला ते तसे राहत नाही. ज्या घरात वृद्ध वडिलांची स्मृती गेली आहे, लेकीचे नावही त्यांना आठवत नाही, तेथे ती लेक त्यांचा हात हातात घेऊन बसते. त्या हातावरची जुनी खूण ती ओळखते. राजाच्या न्यायाने तिचे वडील आता कोठे आहेत? परीकथेचा हा खरा चिवटपणा. ती वयाबरोबर वाढत नाही; वाचणारा वाढतो, आणि मिटलेला प्रश्न पुन्हा उघडतो.

या कथेच्या काही पाठांत भावाच्या जागी पतीचा मित्र येतो, आणि तेथे कथेला नवे काटे फुटतात. हिटलरच्या राजवटीमुळे मायदेश सोडावा लागलेले टोमास मान यांनी हाइनरिख झिमर या भारतविद्येच्या अभ्यासकाच्या लेखनातून ही कथा घेतली आणि १९४० मध्ये तिच्यावर लघुकादंबरी प्रसिद्ध केली. त्यांनी राजाचे उत्तर मान्य केले आणि मग आतून पोखरले. विद्वान श्रीदामनाच्या मस्तकाला मित्राचे, नंदाचे बलदंड शरीर लाभते खरे. पण मस्तकाच्या सवयींनी ते शरीर हळूहळू मऊ पडते आणि शरीराच्या संगतीने चेहराही बदलू लागतो. सीतेच्या हाती आलेले सुख ओघळून जाते.

त्यानंतर आले गिरीश कार्नाड. जन्म माथेरानचा, घरची भाषा कोंकणी, लेखन कानडीत. परप्रांतात मराठी जपणाऱ्यांना हा भाषांचा प्रवास नवा नाही. त्यांचे ‘हयवदन’ १९७१ चे. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणले आणि विजया मेहता यांनी रंगभूमीवर उभे केले. सोमदेवाच्या कथेत वेताळ राजाला विचारतो, राजा वेताळाला सांगतो. मदनसुंदरीला कोणी काहीच विचारत नाही. कार्नाडांनी पद्मिनीला मध्यभागी आणले. मस्तके जोडताना तिचा हात खरोखर चुकला का, ही शंका नाटक मिटू देत नाही. आठ-नऊशे वर्षांनी का होईना, त्या स्त्रीकडे कोणी वळून पाहिले.

गोष्ट सांगताना पालक बहुधा दोन गोष्टी गाळतात, रक्त आणि प्रश्न. रक्त गाळले तर एक वेळ चालेल. प्रश्न गाळला की वेताळ नुसते भूत उरतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात आणखी एक अडचण असते. दिवसभर इतर भाषांत वावरून आलेल्या मुलाशी मराठी बोलली जाते ती ‘आटप’, ‘जेव’, ‘झोप’ एवढीच. म्हणजे निव्वळ आज्ञार्थ. गोष्टीला भूतकाळ लागतो. मदनसुंदरीचा पती कोणता, यावर वाद घालायचा तर मुलाला ‘धड बदलले नसते तर’ असे म्हणावेच लागते, आणि व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणा वाटणारा संकेतार्थ तेथे आपसूक जिभेवर येतो. आजीचे उत्तर एक आणि नातीचे दुसरे निघाले, तर दिवा मालवायला थोडा उशीर होईल, इतकेच.