अनारकली: गोष्ट आणि इतिहास

के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ हा बोलपट ५ ऑगस्ट १९६० रोजीं प्रदर्शित झाला. तेव्हांपासून अकबर म्हटला कीं पृथ्वीराज कपूर यांचा धीरगंभीर आवाज कानीं येतो, आणि अनारकली म्हटली कीं साखळदंडांनीं जखडलेली मधुबाला डोळ्यांपुढें उभी राहते. कलेचें सामर्थ्य तें हेंच. परंतु या सामर्थ्यापायीं कोणावर अन्याय तर होत नाहीं ना, हा प्रश्न आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

इतिहास काय सांगतो? जहांगीरानें आपलें आत्मवृत्त लिहिलें आहे. त्यांत स्वतःचें मद्यपान तो लपवीत नाहीं. अबुल फजलचा वध आपण करविला, हेंही मोकळेपणीं सांगतो. अनारकलीचें नांव मात्र त्यांत नाहीं. १६११ सालीं लाहोरास गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्यानें भिंतींत चिणलेल्या स्त्रीची ऐकीव हकीकत टिपली. पण ती स्त्री दासी नसून अकबराचीच एक पत्नी आहे! लाहोरची कबर खरी आहे. तिच्यावर इसवी सन १५९९ व १६१५ यांशीं जुळणारे हिजरी सन आहेत, प्रेमवेड्या सलीमची सही आहे. नाहीं तें केवळ मृत स्त्रीचें नांव.

१५९९ सालीं सलीम तीस वर्षांचा, मुलाबाळांचा धनी होता. त्यानें पुढें अलाहाबादेस बंड मांडलें तें सिंहासनासाठीं. त्याच कलहांत १६०२ सालीं अबुल फजल बळी पडला. पडद्यावरील बापलेकांचें घनघोर युद्ध मात्र झालेंच नाहीं.

मग बोलपट त्याज्य ठरतो काय? मुळींच नाहीं. राजसत्तेपुढें एका दासीनें मान ताठ ठेवावी, हें सत्य इतिहासाचें नसलें तरी मनुष्यत्वाचें आहे. शिवाय तिच्या आईस दिलेल्या वचनाखातर अकबर तिला भुयारांतून जिवंत जाऊं देतो, हें पुष्कळ प्रेक्षक विसरतात आणि बादशहाच्या माथीं खून मारून मोकळे होतात. खेद एवढाच कीं, कल्पनेंतील दासीसाठीं आपण अश्रू ढाळतों. ज्याचें शिर खरोखरच कापून सलीमकडे धाडलें गेलें, त्या विद्वान् अबुल फजलची आठवणही आपणांस होत नाहीं.

तेव्हां बोलपट अवश्य पाहावा. मात्र मुलांनीं ‘हें खरेंच घडलें का?’ असें विचारलें, तर गोष्ट कोठें संपते आणि इतिहास कोठें सुरू होतो, हें सांगण्याचे कष्ट आईबापांनीं टाळूं नयेत.